तुमेरला मीठ कोण आणतं?

चि. मनू हिस,
अनेक आशीर्वाद.

तुझ्या कथेचा नकाशा आणि पहिली दोन प्रकरणं वाचली. आईनेही वाचली. गवताचा तो अफाट मुलुख, उत्तरेची डोंगररांग आणि तिच्या पोटात दडलेलं तुझं तुमेर. गाव मनात ठसलं, म्हणूनच सविस्तर लिहितोय.

कडे उभे आहेत, वाट एकच आहे, म्हणून तुमेरचा कुणाला पत्ता नाही, असं तू लिहिलंस. ते मला पटलं नाही. कडा फौजेला अडवतो, बातमीला नाही. आपला साल्हेर बघ. १५६७ मीटर, महाराष्ट्रातला सर्वांत उंच किल्ला. पण सुरतेकडून दख्खनेत येणारी वाट बागलाणातून, म्हणून तो सगळ्यांच्या नजरेत. मोगलांनी त्याला वेढा घातला आणि १६७२ मध्ये मराठ्यांनी तिथेच उघड्या मैदानावर त्यांची फौज मोडली. इराणातलं अलमूत तसंच. १०९० मध्ये इस्माइली पंथाचा पुढारी हसन सब्बाह याने घेतलेला तो डोंगरी गड १२५६ पर्यंत टिकला, पण तो कुठे आहे हे शत्रूला पक्कं माहीत होतं.

मग गाव लपतं कसं? माझ्या मते उत्तर तिथल्या चुलीत आणि मिठात आहे. साल्हेरवर गंगासागर तलाव आहे, कातळात कोरलेली टाकी आहेत. पाण्याची सोय डोंगरावर करता येते. मिठाची येत नाही. आपल्याकडे ते कोकणातून लमाणांच्या बैलांवर घाट चढून यायचं. तुझ्या मुलुखात ते सपाटीवरच्या खाऱ्या सरोवरांकाठी मिळेल, म्हणजे तुमेरमधून कुणीतरी दरवर्षी खाली उतरणारच. तो माणूस तुझ्या दोन्ही प्रकरणांत कुठेच नाही.

आता उलट बाजूने बघ. मंगोलियात गवताळ सपाटीवर झाडं जवळजवळ नाहीत. लोक वाळलेलं शेण जाळतात. पण डोंगरांच्या उत्तर उतारांवर लार्च या सूचिपर्णी झाडांची जंगलं असतात. तंबूचा सांगाडा, गाड्यांची चाकं, खोगिराचा साचा, सगळ्याला लाकूड हवं. म्हणजे तुझ्या मेंढपाळांना जे लागतं ते तुमेरकडे आहे, आणि तुमेरला हवं ते मीठ, मांस, नमदा म्हणजे लोकर दाबून केलेलं जाड कापड त्यांच्याकडे. गाव त्यांना ठाऊक असणारच. झाडं नसलेल्या सपाटीवर एका घोड्याची धूळ लांबून दिसते, पहाटेचा धूरही लपत नाही. तेव्हा गुपित डोंगराने नाही, भोवतालच्या माणसांनी राखलेलं आहे. ते गप्प का राहतात, हे सांगितलंस की तुझी कथा उभी राहील.

याला इतिहासात आधार आहे. चंगीझ खान १२२७ मध्ये वारला आणि त्याची कबर आजवर सापडलेली नाही. बुरखान खालदून डोंगराच्या परिसरात ती असावी असं मानतात. तिथे बाहेरच्याला मज्जाव होता, राखणीचं काम उरियांखाई लोकांकडे होतं आणि त्याबदल्यात त्यांना लढाईवर जावं लागत नसे. बापाने मुलाला तेच काम द्यायचं, आणि मुलगा रणात मरणार नाही एवढी खात्री मिळवायची. एखाद्या आईसाठी हा सौदा किती मोठा असेल, विचार कर. तुझ्या मेंढपाळांना तुमेरने असं काय दिलंय?

अलमूतबद्दल आणखी एक, कारण तुझ्या गावात ग्रंथालय आहे. गड मंगोलांच्या हाती पडला तेव्हा त्यांचा सेनानी हुलागू याच्यासोबत असलेल्या जुवैनी या इतिहासकाराने तिथला ग्रंथसंग्रह तपासला. कुराणाच्या प्रती, काही निवडक ग्रंथ आणि खगोलाची उपकरणं त्याने बाजूला काढली, बाकीचं जाळलं. हे वाचताना मला नेहमी वाईट वाटतं. तुमेरच्या शेवटापर्यंत पोहोचलीस, तर कुठली पोथी कुणाच्या हातून वाचते हे आधीच ठरवून ठेव.

भाषा सुंदर जमलीय, तिला हात लावू नकोस. फक्त दुसरं प्रकरण त्या मीठ आणणाऱ्यापासून सुरू करून बघ. ती बाई असली तर मला जास्त आवडेल. डोक्यावरचं ओझं, उतरताना गुडघ्यांवर येणारा भार, सगळं लिही.

दिवाळीत आलीस की साल्हेरला जाऊ. वाघांब्याकडून चढू, म्हणजे शेजारच्या सालोटा किल्ल्याकडची खिंडही बघता येईल. वही घेऊन ये, आणि त्याआधी नवं प्रकरण पाठव.

तुझे,
बाबा
नाशिक