येशूजन्माच्या दोन कथा दोनच राहू द्याव्यात

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

आपल्या नाताळ पुरवणीतील येशूजन्मावरचा लेख आस्थेने लिहिलेला होता, आणि ख्रिस्ती नसलेल्या वाचकालाही ही कथा आपली वाटावी हा त्यामागचा हेतू मला मनापासून आवडला. मात्र ‘बायबलमध्ये सांगितल्याप्रमाणे’ असे म्हणून त्यात जी कथा दिली आहे, म्हणजे नासरेथहून निघालेले योसेफ आणि मरीया हे जोडपे, धर्मशाळेत न मिळालेली जागा, गोठ्यातले बैल आणि गाढव, आणि मेंढपाळांच्या पाठोपाठ त्याच रात्री आलेले तीन राजे, ती तशी बायबलच्या एकाही पुस्तकात नाही. मत्तय आणि लूक यांच्या शुभवर्तमानांतले (येशूची कथा सांगणाऱ्या बायबलमधल्या चार पुस्तकांपैकी दोहोंतले) निवडक तुकडे एकत्र शिवून ती तयार झाली आहे. मार्क आणि योहान यांनी तर जन्मकथा सांगितलेलीच नाही. बैल आणि गाढव तर मत्तय आणि लूक यांच्यापैकीही कोणाकडे नाहीत. यशया संदेष्ट्याच्या पुस्तकाच्या पहिल्या अध्यायातील एका ओळीवरून ते पुढच्या काळात चित्रांत आले.

मी निवृत्त शिक्षिका आहे आणि आमच्या चर्चच्या संडे स्कूलमध्ये बरीच वर्षे मुलांना शिकवते. दरवर्षी डिसेंबरात मी मुलांना फुलस्केप कागदावर मधोमध उभी रेघ मारायला सांगते आणि एका बाजूला मत्तय, दुसऱ्या बाजूला लूक असे दोघांचे पहिले दोन-दोन अध्याय घटनाक्रमाने उतरवून घेते. कागद भरू लागला की मुले आपसूक गप्प होतात, कारण नाताळच्या नाटकात आपण जे केले ते दोन्ही रकान्यांत मिळून आहे, पण एका रकान्यात नाही, हे त्यांना दिसते.

मत्तयाच्या कथेत योसेफ आणि मरीया नासरेथहून आलेलेच नाहीत. पहिल्या अध्यायात त्यांच्या गावाचा उल्लेख नाही, दुसऱ्यात थेट यहूदीयातले बेथलेहेम येते, आणि मागी लोक (पूर्वेकडून आलेले ज्ञानी, ज्यांना पुढे ‘तीन राजे’ म्हटले गेले) ज्या वास्तूत शिरतात तिला मत्तय ‘घर’ म्हणतो. हे मागी किती जण होते ते तो सांगत नाही (तीन आहेत ती दाने: सोने, ऊद आणि गंधरस) आणि ते राजे होते असेही म्हणत नाही. यहूदीयाचा राजा हेरोद दोन वर्षांच्या आतील मुलगे मारायला लावतो तो मागी लोकांकडून नीट विचारून घेतलेल्या काळाच्या हिशेबाने, म्हणजे जन्माला बरेच दिवस लोटलेले असू शकतात. कुटुंब मिसर देशात (इजिप्तमध्ये) पळते, हेरोद मेल्यावर परतते, आणि तेव्हाही योसेफाचा विचार यहूदीयातच राहण्याचा दिसतो. परंतु तेथे हेरोदाचा मुलगा अर्खेलाव राज्य करतो आहे हे कळल्यावर तो धास्तावतो, गालीलाकडे वळतो आणि नासरेथ नावाच्या गावी बिऱ्हाड करतो. स्वतःच्या गावी परतणाऱ्या माणसाबद्दल कोणी असे लिहीत नाही.

लूककडे हीच वाट उलटी आहे. मरीया नासरेथची, गब्रीएल देवदूत तेथेच तिच्याकडे येतो, आणि नावनिशी लिहिण्याच्या, म्हणजे शिरगणतीच्या, कैसराच्या (रोमच्या सम्राटाच्या) आज्ञेमुळे ती दोघे बेथलेहेमला जातात. आठव्या दिवशी बाळाची सुंता होते, शुद्धीकरणाचे दिवस भरल्यावर त्याला यरुशलेमेच्या मंदिरात नेतात, तेथे शिमोन आणि हन्ना त्याच्याविषयी उघडपणे बोलतात, आणि सर्व विधी उरकल्यावर कुटुंब आपल्या नासरेथला परत जाते. मिसर नाही, हेरोदाचा कोप नाही. ज्या राजाच्या भीतीने मत्तयाचे कुटुंब देश सोडते, त्याच्याच राजधानीत लूकचे कुटुंब भर मंदिरात उभे आहे.

मंदिरातल्या त्या प्रसंगी मरीया काय अर्पण करते हे मी मुलांना मुद्दाम वाचायला लावते. लेवीय पुस्तकाच्या बाराव्या अध्यायात बाळंतिणीने कोकरू आणि एक पक्षी आणावा असा नियम आहे, आणि कोकरू आणण्याची ऐपत नसेल तर होल्यांचा जोडा किंवा पारव्यांची दोन पिले चालतील अशी सवलत आहे. लूक कोकराचे नावही काढत नाही, फक्त पक्षी सांगतो. पेठांतल्या जुन्या वाड्यांच्या वळचणीला घुमणारे पारवे पाहत वाढलेल्या पुणेकर मुलाला या दानाची किंमत वेगळी समजावून सांगावी लागत नाही. आता जन्माच्या रात्रीच सोन्याची थैली गोठ्यात पोहोचली असे मानले, तर चाळीस दिवसांनी ही गरिबाची सवलत तिला का घ्यावी लागली याचे उत्तर द्यावे लागते. दोन कथांचे तुकडे जोडले की असे होते: लूकने जपून मांडलेले दारिद्र्य मत्तयाच्या सोन्याने झाकले जाते.

लेखातील ‘धर्मशाळा’ या शब्दाबद्दलही थोडे लिहिते. मराठी बायबलमध्ये ‘उतारशाळा’ असा शब्द आहे. मूळ ग्रीक शब्द ‘कताल्युमा’ हा लूकने पुढे शेवटच्या भोजनाच्या खोलीसाठीही वापरला आहे, आणि येशूच्या दृष्टांतातला शोमरोनी माणूस जखमीला नेतो त्या पैसे देऊन राहायच्या जागेसाठी त्याने निराळा शब्द योजला आहे. म्हणून पाहुण्यांच्या खोलीत जागा नव्हती, असाही अर्थ अनेक अभ्यासक लावतात. मावळात किंवा कोकणात एकाच छपराखाली माणसे आणि गुरे राहत असलेली घरे ज्यांनी पाहिली आहेत, त्यांना घरातली गव्हाण चमत्कारिक वाटणार नाही. बाळाला ‘बाळंत्याने गुंडाळले’ असे मराठी भाषांतर म्हणते. जुन्या लुगड्याचे मऊ झालेले बाळंते हातात धरलेल्या बाईला लूक काय सांगतो आहे ते लगेच कळते.

मत्तयाचा रोख निराळा आहे. हेरोदाची हकिकत ऐकून आपल्याकडे पटकन कंस आठवतो, परंतु मत्तयाच्या यहूदी वाचकांना इब्र्यांचे मुलगे नदीत टाकायला लावणारा मिसरचा राजा फारो आठवला असणार, आणि मिसरातून परत येणाऱ्या मुलात त्यांना मोशे दिसला असणार. वंशावळीही अशाच वेगळ्या आहेत: मत्तय अब्राहामापासून निघतो, तामार, राहाब, रूथ आणि उरीयाची बायको यांची नोंद घेतो, आणि योसेफाचा बाप याकोब असल्याचे सांगतो; लूक मागे मागे जात आदामापर्यंत पोहोचतो आणि योसेफाला एलीचा मुलगा म्हणतो. शिरगणतीचा पेच तर प्रसिद्धच आहे: जन्म हेरोदाच्या काळातला, पण लूक ती नावनिशी सीरियाचा रोमी सुभेदार क्विरीनिया याच्या काळातली म्हणतो. हेरोद इसवी सनपूर्व ४ मध्ये वारला असे बहुतेक इतिहासकार मानतात आणि योसेफस या यहूदी इतिहासकाराने नोंदवलेली क्विरीनियाची शिरगणती इसवी सन ६ मधली आहे.

हे सारे मांडल्याने श्रद्धा डळमळते असे मला कधी वाटले नाही. पवित्र आत्म्याच्या योगे कुमारीच्या पोटी जन्म, दाविदाचे घराणे, देवदूताने सांगितलेले नाव, बेथलेहेम, आणि नासरेथातले बालपण यांवर दोघांचे एकमत आहे, आणि दोघांनी वेगवेगळ्या वाटांनी येऊन ते सांगितले म्हणून मला ते अधिक मोलाचे वाटते. दुसऱ्या शतकात ततियन नावाच्या लेखकाने चारही शुभवर्तमाने गुंफून एकच कथा केली होती आणि सीरियातील चर्चमध्ये ती दीर्घकाळ वाचलीही जाई; तरी चर्चने अखेर चार पुस्तके चारच ठेवली.

आपल्याच जिल्ह्यात केडगावला पंडिता रमाबाईंनी हिब्रू आणि ग्रीक शिकून संपूर्ण बायबल मराठीत आणण्यासाठी आयुष्याची अखेरची वर्षे खर्ची घातली. त्या पुण्यात मराठी वाचकाला मूळ कथा जशाच्या तशा मिळायला हव्यात. आपणांस विनंती अशी, की ‘बायबलमध्ये सांगितल्याप्रमाणे’ या शब्दांपुरती दुरुस्ती छापावी, आणि पुढील नाताळच्या पुरवणीत मत्तयाचा दुसरा अध्याय आणि लूकच्या दुसऱ्या अध्यायाच्या पहिल्या चाळीस ओव्या शेजारी-शेजारी दोन स्तंभांत द्याव्यात. त्याला अर्ध्या पानाहून अधिक जागा लागणार नाही.

आपली नम्र,
एक निवृत्त शिक्षिका, पुणे