हमीभावामागच्या खर्चाच्या आकड्याचे परीक्षण उघडपणे व्हावे

मा. संपादक महोदय,

सप्रेम नमस्कार.

हमीभाव जाहीर झाले की भाव पुरेसा की अपुरा यावर आपल्याकडे चर्चा होते, आणि ती व्हायलाच हवी. मात्र ज्या उत्पादन खर्चावर तो भाव उभा असतो, तो खर्च कसा काढला आणि सरकारी यंत्रणेबाहेरच्या कोणा जाणकाराने तो तपासला का, हा प्रश्न फारसा विचारला जात नाही. २०२५-२६ च्या खरीप हंगामासाठी सोयाबीनचा हमीभाव क्विंटलला ५,३२८ रुपये ठरला; त्यामागचा अंदाजित खर्च ३,५५२ रुपये होता. मध्यम धाग्याच्या कापसाचे हेच आकडे ७,७१० आणि ५,१४० असे आहेत. दोन्ही पिकांत भाव खर्चाच्या बरोबर दीडपट आहे. २०१८-१९ च्या केंद्रीय अर्थसंकल्पात दीडपटीचे सूत्र जाहीर होण्यापूर्वी, हमीभावाची शिफारस करणारा कृषी खर्च व मूल्य आयोग खर्चाकडे मागणी, पुरवठा, बाजारातील कल अशा अनेक घटकांपैकी एक म्हणून पाहत असे. आता सोयाबीन-कापसासारख्या पिकांत भाव जवळजवळ यांत्रिकपणे खर्चावरून ठरतो, आणि खर्चाच्या अंदाजात शंभर रुपयांची चूक झाली तर भावात दीडशे रुपयांची चूक होते. एवढा भार ज्या आकड्यावर आहे, त्याचे समव्यावसायिक तज्ज्ञांकडून, म्हणजे विद्यापीठीय जगात ज्याला पीअर रिव्ह्यू म्हणतात तसे, परीक्षण व्हावे आणि ते सर्वांना वाचता यावे, एवढे मांडण्यासाठी हे पत्र आहे.

खर्च ए-२ (शेतकऱ्याने प्रत्यक्ष केलेला खर्च) अधिक कौटुंबिक श्रम या पद्धतीने धरावा की स्वतःच्या जमिनीचा खंड व भांडवलावरचे व्याज मिळवून सी-२ धरावा, हा वाद महत्त्वाचा आहे. पण माझा मुद्दा त्याच्याही आधीचा आहे. दोन्ही आकडे एकाच पाहणीतून येतात. १९७०-७१ पासून चालू असलेल्या लागवड खर्चाच्या सर्वंकष योजनेत तालुका, गावांचा समूह आणि शेतकरी कुटुंब अशा तीन टप्प्यांनी निवड होते. प्रत्येक समूहातून जमीनधारणेच्या पाच गटांतील प्रत्येकी दोन, अशी दहा कुटुंबे घेतली जातात आणि बियाणे, खत, बैलजोडी, ट्रॅक्टर, मजुरी, घरच्या माणसांचे तास यांची नोंद वर्षभर ठेवली जाते. हे काम बहुतांश राज्यांत कृषी विद्यापीठांमार्फत चालते. एवढ्या चिकाटीने गोळा होणारी शेतीची आकडेवारी फार थोड्या देशांत असेल, आणि ती नोंदवणाऱ्या क्षेत्रीय कर्मचाऱ्यांबद्दल मला मनापासून आदर आहे.

अडचण त्यानंतर सुरू होते. पाहणीचे प्रत्यक्ष आकडे हाती येईपर्यंत दोन-तीन वर्षे उलटलेली असतात, तर भाव येणाऱ्या हंगामासाठी ठरवायचा असतो. म्हणून आयोग मागील वर्षांच्या प्रत्यक्ष खर्चावरून, निविष्ठांच्या किमतींतील वाढ हिशेबात घेऊन, पुढील हंगामाचा खर्च प्रक्षेपित करतो, म्हणजे अंदाजाने काढतो. शेतकऱ्याच्या भावाचा पाया ठरणारा आकडा हा असा प्रक्षेपित आकडा आहे. मजुरी किती वाढेल, डिझेल किती वाढेल आणि मुख्य म्हणजे हेक्टरी उत्पादकता किती राहील, या गृहीतकांवर तो उभा असतो. प्रतिक्विंटल खर्च म्हणजे हेक्टरी खर्च भागिले हेक्टरी उत्पादन. त्यामुळे भाजकात थोडी उदार उत्पादकता धरली की एक रुपयाही कमी खर्च न करता खर्च कमी दिसतो. मराठवाडा-विदर्भातील कोरडवाहू कापूस आणि सोयाबीन उत्पादकांसाठी हे कळीचे आहे, कारण त्यांची उत्पादकता पावसाच्या एका खंडाने कोसळते. उत्पादकता किती आणि कशाच्या आधारे धरली, हा प्रश्न बाहेरचा परीक्षक पहिल्याच वाचनात विचारील, आणि त्याचे उत्तर लेखी स्वरूपात अहवालाला जोडलेले असायला हवे.

आयोग आपले अहवाल प्रसिद्ध करतो, राज्यांशी आणि शेतकरी संघटनांशी विचारविनिमयही करतो. पण सल्लामसलत आणि परीक्षण या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. बैठकीत शेतकरी प्रतिनिधी भाव वाढवून मागतो, प्रक्रिया उद्योगाचा प्रतिनिधी तो आवरायला सांगतो. दोघांचेही म्हणणे ऐकणे आवश्यक आहे, मात्र प्रक्षेपणाचे समीकरण तपासण्याची जबाबदारी त्यांच्यापैकी कोणाचीच नसते. कार्यपद्धतीचा फेरविचार करण्यासाठी तज्ज्ञ समित्याही वेळोवेळी नेमल्या गेल्या. कृषी अर्थशास्त्रज्ञ रमेश चंद यांच्या अध्यक्षतेखालील समितीने २०१५ मध्ये कुटुंबप्रमुखाचे श्रम कुशल कामगाराच्या दराने धरावेत, खेळत्या भांडवलावरील व्याज अर्ध्या नव्हे तर पूर्ण हंगामाचे धरावे, अशा शिफारशी केल्या. असा फेरविचार अनेक वर्षांनी एकदा होतो आणि तो पद्धतीचा असतो. त्या त्या वर्षीच्या आकड्याचे परीक्षण त्यात होत नाही.

विशेष म्हणजे आयोग ज्याच्या अखत्यारीत येतो, त्या केंद्रीय कृषी मंत्रालयाच्याच छत्राखाली अधिक चांगला पायंडा आहे. देशातील कृषी-आर्थिक संशोधन केंद्रे, ज्यांत पुण्याच्या गोखले संस्थेतील केंद्राचाही समावेश आहे, मंत्रालयाने सोपवलेले अभ्यास करतात. त्यांचा मसुदा समन्वयक संस्थेकडे अभिप्रायासाठी जातो, आणि अनेक अंतिम अहवालांच्या शेवटी ते अभिप्राय आणि लेखकांनी त्यांवर केलेली कार्यवाही अशी दोन परिशिष्टे छापलेली असतात. त्यातील शेरे पुष्कळदा तक्त्यांच्या मांडणीपुरते असतात आणि परीक्षक त्याच योजनेतील दुसरी संस्था असते, हे खरे आहे. तरीही कोणी काय विचारले आणि लेखकाने काय उत्तर दिले, हे वाचकाला दिसते. एखाद्या जिल्ह्यातील ठिबक सिंचनाच्या अभ्यासाला जी शिस्त लागू होते, ती देशभराच्या हमीभावाचा पाया असलेल्या अंदाजाला लागू नसावी, हे मला पटत नाही.

वेळ नसतो, आणि भाव आधी फुटला तर बाजार बिघडतो, असा आक्षेप घेतला जाईल. तो भावाबाबत योग्य आहे, खर्चाच्या गणिताबाबत नाही. प्रक्षेपणाची पद्धत आणि गृहीतके हंगामाच्या कितीतरी आधी तपासता येतात. शिफारशीचा आकडा गोपनीय ठेवूनही परीक्षकांचे अभिप्राय अहवालाबरोबर प्रसिद्ध करता येतात.

मात्र परीक्षणाच्या नावाखाली खात्याची मंजुरी घुसता कामा नये. अमेरिकेच्या कृषी खात्याची इकॉनॉमिक रिसर्च सर्व्हिस ही १९६१ साली स्थापन झालेली संस्था तिच्या काटेकोर परीक्षणासाठी ओळखली जाते. तिथे २०१८ च्या जुलैमध्ये फर्मान निघाले, की खात्याच्या संशोधकांनी परीक्षित नियतकालिकांत प्रसिद्ध केलेल्या निबंधांवरही ते 'प्राथमिक' असल्याची आणि खात्याची भूमिका मांडत नसल्याची टीप छापावी. बाहेरच्या तज्ज्ञांनी तपासून स्वीकारलेल्या संशोधनाला प्राथमिक म्हणणे म्हणजे तपासणीचीच किंमत शून्य करणे होय. २०१९ मध्ये ही गोष्ट वृत्तपत्रांतून उघड झाल्यावर टीका झाली आणि तो शब्द मागे घ्यावा लागला. त्याच वर्षी संस्थेचे बहुतेक काम वॉशिंग्टनहून कॅन्सस सिटीला हलवले गेले आणि अनुभवी अर्थशास्त्रज्ञ मोठ्या संख्येने नोकरी सोडून गेले. नियम कितीही चांगले असले तरी परीक्षक कोण नेमतो आणि त्याचे म्हणणे दाबता येते का, यावर सारे अवलंबून असते.

म्हणूनच माझी मागणी नेमकी आहे. आयोगाने दरवर्षी प्रमुख पिकांच्या खर्चाच्या प्रक्षेपणाचे परीक्षण मंत्रालयाच्या अनुदानावर नसलेल्या किमान दोन कृषी अर्थशास्त्रज्ञांकडून करून घ्यावे आणि त्यांचे अभिप्राय, आयोगाच्या उत्तरासह, किंमत धोरण अहवालाला परिशिष्ट म्हणून जोडावेत. प्रत्यक्ष खर्चाचे आकडे हाती आले की त्या वर्षी काय अंदाज केला होता आणि खर्च खरोखर किती आला, याचा राज्यनिहाय तक्ता प्रत्येक अहवालात नियमाने द्यावा, म्हणजे अंदाज सतत एकाच बाजूला चुकत असेल तर ते दिसेल. यासाठी नवा कायदा लागत नाही. महाराष्ट्रातील खासदारांनी, विशेषतः कापूस आणि सोयाबीन पट्ट्यातून निवडून गेलेल्यांनी, हा प्रश्न संसदेच्या कृषिविषयक स्थायी समितीपुढे मांडावा, अशी आपल्या वृत्तपत्रामार्फत माझी विनंती आहे.

आपला,
कृषी अर्थशास्त्राचा एक निवृत्त शिक्षक, परभणी