व्हीएस कोडचे शॉर्टकट : मित्रास पत्र

सोलापूर

प्रिय मित्रा,
सप्रेम नमस्कार.

नव्या नोकरीत दिवसभर कोड लिहून संध्याकाळी उजवे मनगट ठणकते, हे तुझ्या पत्रात वाचून काळजी वाटली. तू कोड लिहायला व्हीएस कोड हा एडिटर वापरतोस, तेव्हा हात सारखा माउसकडे जाऊ नये म्हणून त्यातले कीबोर्डचे काही शॉर्टकट आधी अंगवळणी पाडून घे, असा माझा आग्रह आहे.

त्यांत सर्वांत मोलाचा कंट्रोल-डी. अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या चादरी-टॉवेलच्या कारखान्यांसाठी मी बिलिंगचा कोड लिहितो, तेव्हा ‘टोटल’ हे नाव एकाच फंक्शनमध्ये अनेक ओळींत येते. कर्सर त्या नावावर ठेवून कंट्रोल-डी दाबले की ते निवडले जाते, पुन्हा पुन्हा दाबले की पुढची ‘टोटल’ही निवडीत येत जातात, आणि मग एकदा टाइप केले की सगळीकडे बदल होतो. नको ते ठिकाण निवडले गेले, तर कंट्रोल-के आणि पाठोपाठ कंट्रोल-डी दाब. ते सुटून पुढचे निवडले जाते. यातला एक बारकावा नीट ध्यानात ठेव. नुसता कर्सर ठेवून सुरुवात केलीस, तर पूर्ण शब्दच जुळवला जातो. पण नाव आधी माउसने निवडले असेल, तर ‘सबटोटल’मधले ‘टोटल’ही पकडले जाते आणि बिलाचा हिशेब बिघडू शकतो. नाव सगळ्या प्रोजेक्टभर बदलायचे असेल, तर मात्र एफ-२ वापर, कारण तो नुसती अक्षरे न जुळवता तेच नाव कोडमध्ये कुठे कुठे वापरले आहे हे पाहून तेवढेच बदलतो.

ओळ वर-खाली सरकवायला ऑल्ट आणि बाण, तिची प्रत काढायला त्यासोबत शिफ्ट, आणि अख्खी ओळ उडवायला कंट्रोल-शिफ्ट-के. फाइल उघडायला कंट्रोल-पी दाबून नावाची चार अक्षरे लिहिली तरी पुरतात. डावीकडच्या यादीत माउसने शोधत बसण्यातच मनगटाला सर्वाधिक त्रास होतो, असे मला वाटते.

कंपनीने तुला मॅक दिला असल्यास बहुतेक ठिकाणी कंट्रोलऐवजी कमांड आणि ऑल्टऐवजी ऑप्शन समज. ठरावीक क्रमांकाच्या ओळीवर नेणारे कंट्रोल-जी मात्र तिथेही कंट्रोलनेच चालते.

इतके करूनही मनगट दुखत राहिले, तर डॉक्टरांना दाखव. दुखणे अंगावर काढू नकोस. काकूंना माझा नमस्कार सांग.

तुझाच,
सोलापूरचा मित्र