मुक्ताला पत्र: टिपणं कशात ठेवायची

प्रिय मुक्ता,
अनेक आशीर्वाद.

परवाचा तुझा लांबलचक मेसेज वाचला. प्रबंधाच्या टिपणांसाठी नोशन की ऑब्सिडियन, संदर्भांच्या याद्यांसाठी झोटेरो की मेंडेली, लिहायला वर्ड की लाटेक हा टाइपसेटिंगचा प्रोग्राम, आणि वर "आई, तू एवढ्या जणांचे प्रबंध टाईप केलेस, तूच सांग." सांगते. पण या सगळ्याचे व्हिडिओ बघण्यात किती रात्री गेल्या, ते तू काही लिहिलं नाहीस. तुझ्या होस्टेलात रंगीत डॅशबोर्डची साथ आलेली दिसते!

मी आधी एवढंच बघते: हे सॉफ्टवेअर उद्या बंद पडलं, महाग झालं किंवा तूच त्याला कंटाळलीस, तर आतला मजकूर अक्षर न् अक्षर बाहेर काढता येईल का? जुन्या फॉन्टमधल्या फाइली घेऊन अजूनही माणसं माझ्याकडे येतात. प्रत्येक लिपीच्या अक्षराला स्वतःचा क्रमांक देणारी युनिकोड पद्धत येण्याआधीचे ते फॉन्ट रोमन अक्षरांच्या जागी देवनागरी आकार बसवायचे. कॉम्प्युटरच्या लेखी सगळं इंग्रजीच. फॉन्ट आहे तोवर मराठी दिसायचं, तो गेला की कंस, टिंबं आणि रोमन अक्षरांची खिचडी. त्यात पहिली वेलांटी अक्षराच्या आधी साठवलेली आणि रफार अक्षरानंतर, त्यामुळे कन्व्हर्टरमधून काढलं तरी जोडाक्षरं डोळ्यांनी तपासावी लागतात. मध्यंतरी एक निवृत्त प्राध्यापक स्वतःचा प्रबंध पेनड्राइव्हवर घेऊन आले. छापील प्रत होती म्हणून निभावलं.

आजच्या ॲपांत फॉन्टचा घोळ नाही, पण मालकाची मर्जी आहेच. एव्हरनोट या टिपणांच्या ॲपचं बघ. २०२३ च्या डिसेंबरात फुकट वापरणाऱ्यांना पन्नास टिपणांची मर्यादा आली. जुनी टिपणं गेली नाहीत, पण नवीन लिहायचं तर पैसे भरा. म्हणून माझं मत ऑब्सिडियनला. तेही एका कंपनीचंच आहे, पण टिपणं तुझ्याच लॅपटॉपवर, साध्या फोल्डरमध्ये, मार्कडाउनच्या फाइलींत राहतात. मार्कडाउन म्हणजे साधा मजकूर, शीर्षकाला हॅश (#) आणि ठळक शब्दाला चांदण्या. नोटपॅडमध्येसुद्धा उघडतो. नोशनमधूनही निर्यात करता येते, पण ती करायची आठवण आपल्याला ठेवावी लागते, आणि तुझी आठवण मला माहीत आहे.

एक बारीक गोष्ट तुला कोणी सांगणार नाही. 'शेतकऱ्यांचा' हा शब्द तुझ्या विषयात पानोपानी येणार. यातला ऱ्या दोन तऱ्हेनं साठवला जातो. काही कीबोर्ड नुक्त्याचा वेगळा ऱ वापरतात, काही साधा र, हलन्त आणि मध्ये एक न दिसणारं जोडचिन्ह. पडद्यावर बहुधा दोन्ही सारखेच दिसतात, पण एकानं शोधलंस तर दुसऱ्यानं लिहिलेले सापडत नाहीत. फोनवर आणि लॅपटॉपवर कोणता ऱ्या उमटतो ते आजच बघ आणि एकच कायम ठेव. दुसऱ्याच्या फाइलीतून उचललेला मजकूर असेल तर एकदा शोधा-बदला करून घे.

संदर्भांसाठी झोटेरो घे, यात मला शंका नाही. २००६ पासून चालू आहे, अमेरिकेतल्या जॉर्ज मेसन विद्यापीठात सुरू झालं, सोर्स खुला आहे आणि सगळे संदर्भ बिबटेकसारख्या साध्या मजकुराच्या रूपात बाहेर काढता येतात. मेंडेली २०१३ साली एल्सव्हियर या प्रकाशन कंपनीनं घेतलं, म्हणजे तिथे पुन्हा मालकाची मर्जी. नव्या इंग्रजी पुस्तकाचा आयएसबीएन, म्हणजे त्याच्यावर छापलेला क्रमांक, टाकला की झोटेरो रकाने बहुतेक स्वतःच भरतं. आपल्या जुन्या मराठी पुस्तकांचं तसं नाही, तिथे हातानंच भरावं लागतं. पुस्तकावर शके १८३२ असेल तर तारखेत १९१० घाल आणि शक 'एक्स्ट्रा'च्या रकान्यात लिहून ठेव. मात्र जानेवारी ते मार्चमधलं असेल तर अठ्ठ्याहत्तर नाही, एकोणऐंशी मिळवायचे.

पेशवे दफ्तरातल्या कागदांसाठी 'मॅन्युस्क्रिप्ट' हा प्रकार निवड. त्यात संग्रह आणि संग्रहातलं ठिकाण असे दोन रकाने आहेत. पहिल्यात पुणे पुराभिलेखागार, दुसऱ्यात दफ्तर, रुमाल (कापडात बांधलेला गठ्ठा), पुडका, कागद. हे वाचनकक्षात बसूनच भर, घरी आल्यावर कुठला कागद कुठल्या रुमालातला ते कळणार नाही. डेक्कन कॉलेजच्या संस्कृत महाकोशासाठी अभ्यासकांनी १९४८ पासून सुमारे दीड हजार ग्रंथांतून चिठ्ठ्या काढल्या, एक कोटीच्या घरात. शब्द, त्याचं वाक्य आणि ग्रंथातलं नेमकं ठिकाण. तुझ्या टिपणांनाही ठिकाण हवंच.

कागदांचे फोटो मात्र झोटेरोच्या क्लाउडवर टाकू नकोस. तिथे फुकट जागा ३०० एमबी. पाच एमबीचा एक फोटो धरला तर साठ फोटोंत संपली. फोटो बाहेरच्या हार्ड डिस्कवर ठेव आणि झोटेरोतून नुसती फाइलीची लिंक दे.

राहिलं वर्ड की लाटेक. टाइपसेटिंग हा माझा धंदा, त्यामुळे माझं मन लाटेककडे ओढतं. संगणकशास्त्रज्ञ डोनल्ड क्नूथ यांना स्वतःच्या पुस्तकाची प्रुफं इतकी वाईट वाटली की त्यांनी १९७० च्या दशकात टेक हा लाटेकचा मूळ प्रोग्राम लिहायला घेतला. त्याच्या आवृत्तीचा आकडा दर दुरुस्तीला गणितातल्या पायच्या (π, ३.१४१५…) किमतीकडे एक अंक सरकतो. अशा माणसावर जीव जडणारच! पण तुला त्याची गरज नाही. तुझ्यात समीकरणं नाहीत, तळटीपा आहेत. देवनागरीसाठी लाटेकचीच झीलाटेक किंवा लुआलाटेक ही रूपं लागतील, आणि जोडाक्षर तुटलं की फॉन्टच्या नावापुढे काय घालायचं हे शोधण्यात संध्याकाळ जाईल. शिवाय तुझे गाइड वर्डच्या ट्रॅक चेंजेसमध्ये लाल खुणा करून परत पाठवणार, ते काही लाटेक उघडणार नाहीत. वर्डमध्येच लिही. पैसे नसतील तर लिब्रेऑफिस घे, झोटेरो तिथेही चालतं. फक्त मध्येच वर्डमधून गूगल डॉक्समध्ये जाऊ नकोस, तळटीपांचा झोटेरोशी असलेला धागा तुटतो. जावंच लागलं तर झोटेरोच्या डॉक्युमेंट प्रेफरन्सेसमध्ये प्रोसेसर बदलायची सोय आहे, ती आधी वापर.

रविवारी मला दहा-बारा संदर्भ, दोन तळटीपा आणि एक 'शेतकऱ्यांचा' असलेलं पान पाठव. इथल्या मशीनवर उघडून बघते आणि काय तुटलं ते संध्याकाळी फोनवर सांगते. बाबा हार्ड डिस्क घ्यायला निघालेत, एक टीबी पुरे का दोन, ते त्यांना आजच कळव.

तुझी
आई