अर्धा तास थांबलेल्या मेस्त्रींस

जांबोटी, ता. खानापूर, जि. बेळगाव

आदरणीय मेस्त्री यांस,
सप्रेम नमस्कार.

आपले नाव कुठेही लिहू नये अशी आपलीच अट असल्यामुळे हे पत्र नावाशिवाय लिहीत आहे. खानापुरात ज्यांनी आपल्याकडे एकदा गाडी दुरुस्तीला दिली आहे, त्यांना ते कोणाला लिहिले आहे हे सांगावे लागणार नाही.

डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यापासून दोन दिवस उभी राहिलेली आमची गाडी सकाळी सुरू होईनाशी झाली. किल्ली फिरवली की नुसता 'टक टक' आवाज येई. थंडीत बॅटरी उतरतेच, असे सांगून एका दुकानदाराने जुनी बॅटरी बदल्यात घेतली आणि नवी बसवून दिली. आठ दिवसांत तीही उतरली. आईला डोळे तपासायला बेळगावला न्यायचे होते, आणि शेजाऱ्यांना रोज पहाटे धक्का मारायला उठवण्याची आता लाज वाटू लागली होती. तेव्हा आपल्याला फोन केला आणि आपण दुचाकीवर जांबोटीपर्यंत आलात.

आपण प्रथम बॅटरीवर मीटर लावला. पूर्ण भरलेल्या बॅटरीवर सुमारे १२.६ व्होल्ट दिसायला हवेत, तिथे ११.६ दिसले, म्हणजे ती जवळजवळ रिकामी होती. जम्पर केबलने, म्हणजे दुसऱ्या बॅटरीचा करंट देणाऱ्या वायरने, इंजिन सुरू केल्यावर तोच मीटर १४.२ दाखवू लागला, त्यामुळे चालत्या इंजिनावर बॅटरी भरणारा अल्टरनेटर निर्दोष ठरला. इथे दुसरा कोणी 'बॅटरीच खराब निघाली' म्हणून मोकळा झाला असता. आपण मात्र इंजिन बंद केले, अर्थची, म्हणजे बॅटरीच्या उणे टोकाची, वायर सोडवली आणि ती वायर व बॅटरी यांच्यामध्ये मीटर अँपिअरवर जोडला. (आधी अर्थचीच वायर का काढायची, हेही आपण सांगितलेत: दुसरी आधी काढताना पाना बॉडीला लागला, तर ठिणगी उडते.) मीटर जोडलेला असताना चुकूनही सेल मारू नका, नाहीतर मीटरचाच फ्यूज उडेल, अशी ताकीद देऊन उघड्या दाराचे कुलूप आपण स्क्रूड्रायव्हरने अडकवलेत, म्हणजे गाडीला दार बंद आहे असे वाटावे, आणि किल्ली घरात ठेवायला लावलीत.

मग आपण काहीच केले नाही. खरे सांगायचे, तर त्या वेळी मी मनातून वैतागलो होतो. आकडा सुरुवातीला तीन अँपिअरच्या आसपास होता; गाडीतली यंत्रे झोपी जायला वीस-तीस मिनिटे लागतात, तोवरच्या आकड्याला अर्थ नाही, असे म्हणून आपण धुक्यात पायरीवर बसून चहा घेत राहिलात. अखेर हळूहळू उतरत आकडा ०.४४ वर थांबला आणि आपण सोबतच्या मुलाला कन्नडमध्ये 'नाल्कु' (चार) म्हणून बोट दाखवलेत. उभ्या गाडीने ०.०५ पेक्षा जास्त घेऊ नये, हे मला त्या दिवशी कळले.

त्यानंतर एकेक फ्यूज काढत गेलात आणि आतल्या दिव्यांचा फ्यूज निघताच आकडा ०.०३ वर आला. छतातला दिवा तर विझलेला होता. तेव्हा माझाच मोबाईल व्हिडिओ चालू करून डिकीत ठेवायला सांगितलेत, डिकी बंद केलीत आणि मिनिटभराने उघडलीत. डिकी पूर्ण बंद असताना आत उजेड लख्ख होता. पावसाळ्याच्या ओलीने डिकीच्या लॅचमधला (कुलपाच्या खटक्यातला) स्विच गंजून अडकला होता, आणि पाच वॅटचा तो दिवा दिवसाला सुमारे दहा अँपिअर-तास खात होता. ३५ अँपिअर-तासांच्या बॅटरीतून दोन दिवसांत वीस गेल्यावर उरणार काय?

थंडीचा दोष किती, हेही आपण हातचे न राखता सांगितलेत. थंडीने बॅटरीतली रासायनिक क्रिया मंदावते आणि इंजिन ऑइल दाट होते, म्हणून स्टार्टरला जास्त करंट लागतो आणि बॅटरी तर कमी देऊ शकते. पण आपल्याकडे पारा दहा-बारा अंशांवर येतो, तेवढ्याने धडधाकट बॅटरी उतरत नाही. दिवाळीपर्यंत मी गाडी रोज खानापूरला नेत होतो, त्यामुळे रात्री गेलेला करंट दिवसा बराचसा भरून निघत होता. गाडी उभी राहू लागली आणि थंडी पडली, तेव्हा चोरी उघडकीस आली. माझी जुनी बॅटरी बहुधा चांगलीच होती. ती गेली, याची हळहळ अजून आहे.

आपण दिवा तात्पुरता काढलात, नवी बॅटरी रात्रभर तीन-चार अँपिअरने सावकाश चार्ज करून आणून दिलीत आणि पुढच्या आठवड्यात स्विच बदललात. तीन दिवस उभी ठेवूनही गाडी पहिल्याच सेलला सुरू झाली, आईची तपासणीही झाली. आपण पैसे घेतले ते स्विचचे आणि मजुरीचे. त्या अर्ध्या तासाचे घ्या म्हटले, तर 'बसलो होतो, काम कुठे केले?' म्हणालात. त्या बसण्याबद्दलच मी आपला मनापासून आभारी आहे.

आपली जम्पर केबल आमच्या पडवीतच राहिली आहे. पुढच्या खेपेला खानापूरला येताना घेऊन येतो.

आपला ऋणी,
जांबोटीचा गाडीवाला