आईला श्वास सोडायला शिकवणाऱ्या ताईंना

ताई, सप्रेम नमस्कार.

छत्रपती संभाजीनगरच्या घाटी रुग्णालयाच्या फिजिओथेरपी विभागात रोज इतकी माणसं येतात, की जिंतूर तालुक्यातली माझी आई तुम्हाला आठवत असेलच असं नाही. आमच्या घरात मात्र तुमचं नाव रोज निघतं. हे पत्र सगळ्यांना वाचता यावं म्हणून उघड लिहितोय, कारण तुम्ही आईला जे सांगितलंत ते आमच्या भागात घरोघरी कळायला हवं.

आईचा उभा जन्म चुलीपुढं गेला. उन्हाळ्यात पऱ्हाट्या, तुराट्या. पावसाळ्यात सादळलेल्या गोवऱ्या. बिडीला कधी हात लावला नाही, तरी सीओपीडी, म्हणजे श्वासनळ्या अरुंद होऊन दम लागण्याचा जुनाट आजार, निघाला. गॅस घरात आल्यावरही भाकरी आणि अंघोळीचं पाणी चुलीवरच राहिलं होतं. धुरातले बारीक कण नाकात-घशात अडत नाहीत, थेट खोल उतरतात आणि श्वासनळ्यांमधली कफ वर ढकलणारी सूक्ष्म केसांची लव निकामी करतात, हे तुम्ही सांगितलंत तेव्हा कुठं आम्हाला दुखण्याचं मूळ कळलं.

दम लागला की जो तो म्हणायचा, "मोठा श्वास घ्या." ती घ्यायची आणि आणखी घाबरी व्हायची. "छातीत दम मावंना," म्हणायची. तिचं हे बोलणं पहिल्यांदा तुम्ही मनावर घेतलंत.

केसपेपरच्या मागं तुम्ही चित्र काढलंत. श्वासनळीला दोन फाटे. उजव्या फुप्फुसाचे तीन भाग, डाव्याचे दोन, कारण डावीकडं हृदयाला जागा द्यावी लागते. मग फाट्याला फाटे, साधारण २३ वेळा, आणि टोकाला वायुकोश, म्हणजे हवेच्या इवल्या पिशव्या. निरोगी माणसात ते ३० कोटींच्या वर. त्यांच्या अतिपातळ भिंतीतून प्राणवायू रक्तात जातो आणि कार्बन डायऑक्साइड बाहेर येतो.

खरी गोष्ट पुढं होती. श्वास घेताना छातीखालचा पडदा आकसून खाली सरकतो, फासळ्या उचलतात, हवा आत ओढली जाते. स्वस्थ बसलेल्या निरोगी माणसाला श्वास सोडायला काहीच करावं लागत नाही. ताणलेलं फुप्फुस आपसूक मिटतं. आईच्या फुप्फुसाचा तो ताणच गेला होता. वायुकोशांच्या भिंती झिजलेल्या, म्हणून त्यांच्या आधारानं उघड्या राहणाऱ्या बारीक नळ्या श्वास सोडतानाच मिटायच्या. जुनी हवा आतच कोंडायची, पडदा दबून सपाट व्हायचा. अशा भरलेल्या छातीत नवी हवा मावणार कुठं? आई अक्षरशः खरं बोलत होती!

"माय, निखारा फुलवायला फुंकता ना, तसे ओठ करा. पण जाळ भडकू नये इतकं हळू सोडा." हे तुमचं वाक्य तिला एका झटक्यात कळलं. नाकानं घ्यायचं आणि त्याच्या दुप्पट वेळ लावून सोडायचं. अरुंद ओठांमुळं नळ्यांत आतून थोडा दाब राहतो आणि त्या लवकर मिटत नाहीत. ओझं उचलताना, पायरी चढताना श्वास सोडायचा. धाप लागली तर गुडघ्यांवर कोपर टेकून पुढं वाकून बसायचं. औषधाचा पंप स्पेसर, म्हणजे मधली प्लास्टिकची नळी, लावूनच घ्यायचा, औषध हळू ओढून दहा सेकंद धरायचं, मग चूळ भरून थुंकायची. तिला सगळं पाठ आहे.

झिजलेले वायुकोश परत येत नाहीत, हेही तुम्ही लपवलं नाहीत. त्याबद्दल विशेष आभार. ते ऐकल्यावरच आईनं स्वतःहून चूल बंद केली. आता ती थांबत थांबत का होईना, शेतातल्या आखाड्यापर्यंत चालत जाते.

पुढच्या तारखेला मोठ्या चुलतीलाही घेऊन येतोय. तिचा खोकला जुना आहे आणि धूरही तसाच खाल्लेला. फुंकर आईनं तिला शिकवलीय. मशीनमध्ये फुंकायची तपासणी मात्र अजून झालेली नाही. तेवढी कुठं करायची ते सांगा, आणि तिलाही एकदा ते चित्र काढून दाखवा.

तुमचा कृतज्ञ,
जिंतूर तालुक्यातला एक मुलगा