जुन्या पेन्शनवरून अर्धवट राहिलेलं बोलणं

मानेवाडा, नागपूर

प्रिय बेटा,

अनेक आशीर्वाद.

परवा फोनवर तू म्हणालास, "आई, तुला महिन्याच्या महिन्याला पेन्शन येते, म्हणून तुला शांतपणे बोलता येतं." मग घंटा झाली आणि तू फोन ठेवलास. तुझं म्हणणं खोटं नाही, म्हणूनच ते मला लागलं. आपलं बोलणं नेहमी असंच तुटतं. कधी तुझ्या शाळेची घंटा होते, कधी गडचिरोलीकडची रेंज जाते. म्हणून आज स्वयंपाकाला लागायच्या आधी कागद घेऊन बसले.

तू स्टेटसला ठेवलं आहेस, 'जो पेन्शन देईल, मत त्यालाच'. विधान परिषदेच्या पदवीधर मतदारसंघाच्या यादीसाठी नमुना 18 भरायचा विषय निघाला, तेव्हाही तू हेच म्हणालास, की बाकी मी काही बघणार नाही. तुझी जुन्या पेन्शनची मागणी मला मान्य आहे, पूर्ण मान्य आहे. मत द्यायची ही रीत मात्र पटत नाही.

आधी माझं सांगते. नोव्हेंबरात हयातीचा दाखला द्यायला बँकेत गेले होते. मशीनवर अंगठाच उमटेना. तिथल्या मुलीने स्वतःच्या ओढणीने माझा हात पुसला, म्हणाली, "आजी, भांडी घासून रेषा गेल्या तुमच्या." दुसरं बोट ठेवलं, तेही नाही. शेवटी डाव्या हाताचं मधलं बोट लागलं आणि पडद्यावर हिरवी खूण आली. तेवढ्या वेळात माझ्या पोटात गोळा आला होता. हे उमटलंच नाही तर पुढं काय, एवढंच डोक्यात. बाबांच्या शेवटच्या मूळ पगाराच्या 30 टक्के आणि त्यावर महागाई भत्ता, एवढी माझी फॅमिली पेन्शन. बाबा कारकून होते, आकडा मोठा नाही. पण त्यातून बीपीची गोळी येते, सिलिंडर येतं, विजेचं बिल भरलं जातं, नातीच्या वाढदिवसाला फ्रॉक घेता येतो. बाबा गेल्यापासून मी तुझ्यापुढं एकदाही हात पसरला नाही. ही पेन्शन मला काय देते, ते या एका गोष्टीत आलं.

म्हणून कोणी पेन्शनला रेवडी म्हटलं की माझं डोकं फिरतं. बाबा नेहमी डी. एस. नकारा यांच्या खटल्याचं सांगायचे. 17 डिसेंबर 1982 ला सुप्रीम कोर्टाने त्यात सांगून टाकलं, की पेन्शन ही सरकारच्या मर्जीवरची खैरात नाही, केलेल्या नोकरीचा तो हक्क आहे. त्या तारखेला पेन्शनर लोक अजून पेन्शनर दिन पाळतात.

तुझं नेमणुकीचं पत्र आलं ते 2009 साल मला आठवतं. बाबा संत्रा बर्फीचा डबा घेऊन आले, गल्लीत वाटून आले, मग चष्मा लावून पत्र वाचायला बसले. एके ठिकाणी बोट थांबलं. 1 नोव्हेंबर 2005 नंतर लागलेल्यांना परिभाषित अंशदान योजना. म्हणजे तुझ्या मूळ पगारातून आणि महागाई भत्त्यातून 10 टक्के कापणार, सरकार तेवढेच घालणार, आणि शेवटी जे साठेल ते बाजाराच्या भरवशावर. सरकारचा वाटा 14 टक्के झाला तो पुष्कळ नंतर. बाबांनी ते दोनदा वाचलं आणि घडी घालून ठेवलं. तुला काही बोलले नाहीत. रात्री मला म्हणाले, "पोराला नोकरी लागली, पण म्हातारपण नाही लागलं." हे मी तुला आजवर सांगितलं नव्हतं.

मग 2023 चा डिसेंबर. अधिवेशनावरच्या मोर्चासाठी तू रात्रीच्या बसने आलास. पहाटे दारात उभा होतास, डोक्यावर टोपी, 'एकच मिशन, जुनी पेन्शन'. मी पोळ्या, झुणका आणि ठेचा बांधून दिला. दुपारी मला घरात बसवेना, म्हणून ऑटोने धंतोलीपर्यंत आले. यशवंत स्टेडियमकडून नुसत्या टोप्याच टोप्या. तुझ्यापेक्षा वयाने मोठ्या बाया कडेवर लेकरं घेऊन चालत होत्या. संध्याकाळी तू आलास तेव्हा पाय सुजले होते. मी मिठाचं गरम पाणी केलं, आणि पाय बादलीत टाकून तू बसल्या बसल्या झोपलास. तुझ्या मागणीला मी कमी लेखते असं तुला वाटत असेल, तर ती बादली आठव.

आता उमेदवारांकडं येते. मी सगळ्यांचं ऐकत आले आहे, कारण आपल्या शहरात हिवाळ्यात सरकारच येऊन राहतं.

डिसेंबर 2022 मध्ये इथंच, विधानभवनात, देवेंद्र फडणवीसांनी सांगितलं होतं, की जुनी पेन्शन देणार नाही, 1 लाख 10 हजार कोटींचा बोजा पडेल आणि राज्य दिवाळखोरीत जाईल. महिन्याभरात शिक्षक आणि पदवीधरच्या निवडणुका आल्या, आणि प्रचारात भाषा बदलली, की आम्ही या बाबतीत नकारात्मक नाही. मतदान 30 जानेवारीला झालं. नागपूर शिक्षकमध्ये भाजपच्या पाठिंब्याचे नागो गाणार दोन वेळचे आमदार, त्यांना सुधाकर अडबाले यांनी हरवलं. जुनी पेन्शन हाच तिथला मोठा मुद्दा होता. (तू प्राथमिकचा, म्हणून तुला त्यात मतच नव्हतं. जिल्हा परिषदेच्या इतक्या मास्तरांना शिक्षक मतदारसंघात मत नसावं, हे मला कधीच कळलेलं नाही.) मार्चमध्ये तुमचा सात दिवसांचा संप झाला, समिती बसली.

दुसऱ्या बाजूला बघ. राजस्थान, छत्तीसगड, हिमाचल या तेव्हाच्या काँग्रेसच्या राज्यांनी आणि आम आदमी पक्षाच्या पंजाबने जुनी पेन्शन परत आणली किंवा आणायचा निर्णय घेतला. पण 2024 च्या लोकसभेला काँग्रेसच्या जाहीरनाम्यात जुन्या पेन्शनचा शब्दही नव्हता. त्याच वर्षी सप्टेंबरात शिर्डीच्या जुनी पेन्शनवाल्यांच्या अधिवेशनात उद्धव ठाकरे म्हणाले, आमचं सरकार आलं की देऊ. त्याच्या आधीच ऑगस्टमध्ये केंद्राने युनिफाइड पेन्शन आणली आणि दुसऱ्याच दिवशी महायुती सरकारने ती स्वीकारली, देशात सगळ्यात आधी.

आणि ही जुनी पेन्शन बंद केली कोणी? केंद्रात 2004 पासून, तो निर्णय वाजपेयींच्या सरकारचा. आपल्या राज्यात 2005 ला, तेव्हा विलासराव देशमुख मुख्यमंत्री. नव्या योजनेचा 2013 ला कायदा केला तो मनमोहन सिंगांच्या काळात. काढताना सगळे एकत्र होते, बेटा. आणि एकदा आमदार झालेल्याला महिन्याला 50 हजार पेन्शन आहे, त्यावरही सगळ्यांचं एकमत आहे.

मला भीती वाटते ती हिशेबाची. तुझं म्हणणं बरोबर की चूक ते पाहायला मी वहीत मांडून बघितलं. समज, निवृत्तीला तुझे 40 लाख साठले. 24 लाख हातात येतील, 16 लाखांची ॲन्युइटी, म्हणजे विमा कंपनीकडून दरमहा ठरलेली रक्कम देणारी योजना, घ्यावी लागेल. साडेसहा टक्के धरले तर महिन्याला साडेआठ हजारांच्या आसपास, आणि तो आकडा मरेपर्यंत तोच. महागाई वाढो, डाळ दुप्पट होवो. जुन्यात शेवटच्या मूळ पगाराच्या निम्मे आणि वर्षातून दोनदा महागाई. हा फरक पाहून मला रात्री झोप लागली नाही. तेव्हा तू चूक नाहीस.

युनिफाइडही मांडून पाहिली. 25 वर्षं सेवा झाली तर शेवटच्या 12 महिन्यांच्या सरासरी मूळ पगाराच्या निम्मी, वर महागाई, आणि तुझ्यामागं सूनबाईला तुझ्या पेन्शनच्या 60 टक्के. निम्म्याचे 60 टक्के म्हणजे 30 टक्के, माझ्याइतकंच झालं की. पण बाबांच्या जीपीएफचा, म्हणजे पगारातून कापून साठलेल्या भविष्य निर्वाह निधीचा, पैसा त्यांना व्याजासकट परत मिळाला, तुझ्या पगारातून कापलेले 10 टक्के मात्र तसे परत यायचे नाहीत. तुम्ही ती नाकारता ते यासाठी, हे मला वहीत मांडल्यावर कळलं.

पण आता ही बाजू बघ. 2005 नंतर लागलेले तुम्ही लोक मोठ्या संख्येने निवृत्त कधी होणार? तूच 2041 ला. आज एखाद्याने जुनी पेन्शन जाहीर केली, तर सरकारचा दर महिन्याचा 14 टक्क्यांचा हप्ता उद्यापासून वाचतो. त्याच्या पाच वर्षांत तिजोरीत पैसे उरतात. देणं सुरू होतं पंधरा-वीस वर्षांनी, तेव्हा तो खुर्चीवर नसतो. रिझर्व्ह बँकेच्या 2023 च्या अभ्यासात म्हटलं होतं, की सगळ्या राज्यांनी जुन्याकडं परत जायचं ठरवलं तर एकूण बोजा नव्या योजनेच्या साडेचार पट होऊ शकतो. हा आकडा दाखवून कोणी तुला गप्प बसवावं असं मी म्हणत नाही. पण "देऊ" म्हणणं उमेदवाराला इतकं सोपं का जातं, ते यात आहे. आणि 2041 ला तिजोरीच रिकामी निघाली, तर तुझ्या हातातल्या त्या शासन निर्णयाचं काय करशील? म्हणून मला नुसता "देऊ" ऐकायचा नाही. कुठल्या वर्षापासून, आमचे साठलेले पैसे कुठं जाणार, आणि दर वर्षी बाजूला किती काढणार, हे ऐकायचं आहे. ज्या राज्यांनी जुनी आणली, त्यांनी साठलेला पैसा केंद्राकडं परत मागितला तेव्हा कायद्यात तशी सोय नाही असं उत्तर आलं. मग इथले उमेदवार काय करणार?

आणखी एक. आपल्या भिंतीला लागून राहणारे काका, ज्यांच्या मोटारसायकलवर तू पहिल्यांदा गिअर टाकायला शिकलास, हिंगणा एमआयडीसीत 24 वर्षं मशीनवर उभे होते. त्यांना ईपीएस 95 ची, म्हणजे खासगी कंपन्यांतल्या कामगारांच्या पीएफ योजनेची, पेन्शन येते, दोन हजार दोनशेच्या आसपास. निवृत्त झाले त्या महिन्यात जेवढी होती तेवढीच आजही. त्यावर महागाई नाही. 2014 पासून त्या योजनेत किमान पेन्शन 1 हजार रुपये आहे, आणि त्यांची मागणी साडेसात हजार आणि महागाई भत्ता एवढीच आहे. मी त्यांना तुमच्या मोर्चाचं कौतुकाने सांगत होते. ते म्हणाले, "आमचाबी मोर्चा निघते वहिनी. पण म्हाताऱ्यायचा मोर्चा, त्याले कोन भेते?" मी काही बोलू शकले नाही. काकू आत चहा गाळत होत्या, त्यांनी ऐकलं आणि हात थांबला.

आणि आपल्याकडं भांडी घासायला येते ती मावशी. तिला श्रावणबाळचे, म्हणजे गरीब वृद्धांच्या सरकारी योजनेचे, महिन्याला 1500 मिळतात. 2024 च्या विधानसभेआधी महायुतीने वृद्धांना 2100 करू असं सांगितलं होतं. परवा तिने पासबुक वाचून दाखवायला आणलं. 1500 च होते. तिने दोनदा विचारलं, "नीट पाहा न बाई."

एका गल्लीत तीन घरं, तिघींचं वय सारखंच, तिघींच्या गोळ्या सारख्याच. तुमच्याजवळ संघटना आहे, संपाची ताकद आहे, निवडणूक फिरवायची ताकद आहे, हे 2023 ला सगळ्यांनी पाहिलं. तुमच्या दारात उमेदवार येतात तेव्हा त्यांच्याही नावाने एक प्रश्न विचारा, एवढंच माझं मागणं आहे. काकांची पेन्शन दिल्लीच्या हातात आहे, मला माहीत आहे. पण उमेदवार ज्या पक्षाचं तिकीट मागतो तो पक्ष दिल्लीतही आहेच ना.

या शनिवारी आपल्या देवळाच्या हॉलमध्ये ज्येष्ठ नागरिक मंडळाने एका इच्छुकाला बोलावलं आहे. मी उठून विचारणार आहे. तीन प्रश्न लिहून ठेवले आहेत, तुझा पहिला, मग काकांचा, मग मावशीचा. काका म्हणाले, मीही येतो. मावशीला मी माझ्या शेजारच्या खुर्चीवर बसवणार आहे.

वहीतल्या हिशेबाचं पान या पत्रासोबत ठेवलं आहे. त्यात ॲन्युइटीचं गणित मी नीट केलं का, आणि 14 टक्के मूळ पगारावर धरायचे की महागाई भत्ता मिळवून, ते लाल पेनाने तपासून फोटो पाठव. शुक्रवारी रात्रीपर्यंत मिळालं तर बरं होईल, मला सकाळी एकदा वाचून काढता येईल.

तुझी
आई